समुद्रावरील शेजारधर्म

भाट्याच्या खाडीमुखातून मासेमारी नौका बाहेर पडते, तेव्हा किनाऱ्यावरील घरांना चिंता असते ती तिच्या परतण्याची. राष्ट्राच्या संरक्षणाचा हिशेब आपण सैन्य आणि शस्त्रे यांवरून मांडतो. परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ने आणि जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने रत्नागिरी जिल्ह्यावर जो घाला घातला, तो कोणा शत्रुसैन्याचा नव्हता.

‘फयान’ हे नाव म्यानमारने दिलेले, ‘निसर्ग’ हे बांगलादेशाने. ही केवळ हौस नव्हे. १९७२ साली जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या चक्रीवादळ मंडळात आज भारत, पाकिस्तान, इराण, ओमान, श्रीलंका आदी तेरा राष्ट्रे आहेत आणि दिल्लीचे हवामान केंद्र या सर्वांना इशारे पुरविते. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ गुजरात व सिंधच्या किनाऱ्याकडे सरकले, तेव्हा उभय देशांत सलोखा नव्हता. तरी इशारा सरहद्दीपाशी अडला नाही.

इशाऱ्याच्या बाबतीत जे नित्याचे झाले, ते सुटकेच्या बाबतीत अद्याप अपवादात्मक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अल पिरानपीर’ हे भारतीय गलबत बुडाले, तेव्हा भारतीय तटरक्षक दल व पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा यांनी परस्परांशी संपर्क राखून बारा खलाशांचे प्राण वाचविले. हे घडू शकते, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले.

सागरी मार्गाने मृत्यूही येतो, हे २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईने भोगले आहे. सावधगिरी सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, प्रत्येक नौकेची नोंद आणि ओळख पक्की असेल, तरच संकटात सापडलेला कोळी कोण व घातपाती कोण, हे वेळीच कळेल. संशयाचे निराकरण माहितीने होते, माहिती दडपल्याने नव्हे.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळाच्या वेळी केरळ व तमिळनाडूच्या नौकांना देवगडच्या बंदराने आसरा दिला. ती माणसे परभाषी होती, परप्रांतीय होती. वादळात हा भेद उरला नाही. संकटग्रस्त नौकेस जवळच्या बंदरात आश्रय देण्याची सागरी रूढी जुनीच आहे. वादळ ओसरेपर्यंत आश्रय द्यावा, अटक करू नये आणि नौकेची वार्ता तिच्या देशास तत्काळ कळवावी, एवढा तीन कलमी करार या तेरा राष्ट्रांनी करावयास काय हरकत आहे? वादळाचे नाव सर्वसंमतीने ठरविता येते. मग त्यात सापडलेल्या माणसाचे प्राण वाचविण्याची रीतही तशीच ठरविता आली पाहिजे.