फेणी चाखावी कशी, मुरते कशी

फेणीला वास येतो, ही तक्रार मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की आता सविस्तर लिहावंच म्हटलं. वास येतोच. तो नसता तर फेणीत राहिलं काय असतं? गोव्याला जाऊन आलेले आपल्याकडचे बहुतेक लोक तिचा पहिला घोट घेतात तो किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या ग्लासात, वरून लिम्का ओतून. मग नाक मुरडून बिअर मागवतात. हीच मंडळी कोन्याकची बाटली उघडली की ग्लास तळहातावर धरून दहा मिनिटं नुसता हुंगत बसतात. फेणीही फळाच्या रसाचीच दोनदा ऊर्ध्वपातन केलेली दारू आहे. तिच्यासाठी ती दहा मिनिटं का काढू नयेत, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावचा. आमच्याकडे काजू दिसतो तो किराणा दुकानात आणि दिवाळीच्या ताटात, पण मोह आम्हाला माहीत आहे. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडणारी ती रसाळ, पिवळट फुलं आणि ती वाळू लागली की सुटणारा गोडसर, जड वास विदर्भातल्या माणसाला सांगावा लागत नाही. त्यामुळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढच्या एका डोंगरउतारावर पहिल्यांदा काजूच्या भट्टीजवळ उभा राहिलो तेव्हा तिथली हवा मला परकी वाटली नाही. मोह काय आणि काजूचा बोंडू, म्हणजे बीला लागून असणारं फळ, काय, दोन्ही झाडावरून तोडायचे नसतात. पिकून आपणहून जमिनीवर पडले की मगच वेचायचे.

इतिहास थोडक्यात सांगतो. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. माडाच्या सुरेपासून दारू गाळण्याची रीत गोव्यात त्याहून जुनी मानतात, आणि माडाची फेणी दक्षिण गोव्यात आजही होते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 साली गोव्याने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. तोवर कागदोपत्री ती नुसती ‘देशी दारू’ होती. बाकी तपशील पुस्तकांत सापडतील. मला भट्टीकडे वळायचं आहे.

हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. सकाळी बायका टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन बागेत फिरतात, पडलेला बोंडू टोचून टोपलीत टाकतात. बी पिळून वेगळी केली की ती बाजाराच्या वाटेला लागते आणि बोंडू भट्टीच्या. दगडात कोरलेल्या उथळ हौदात बोंडू पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी गमबूट किंवा यंत्र आलंय. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचतात, रानवेलीने आवळून बांधतात आणि वर जड दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब पाझरतो तो निरो. निरो ताजा प्यायचा, गार करून, आणि त्याच दिवशी. तुडवलेला रस दोन-तीन दिवस नुसता ठेवला की बाहेरचं यीस्ट न घालताही आपणहून फसफसतो. फळाच्या सालीवरचं आणि भांड्यातलं रानटी यीस्ट ते काम करतं. म्हणूनच एका वाडीची फेणी शेजारच्या वाडीसारखी लागत नाही. कारखान्याच्या यीस्टने ही गंमत साधणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आंबलेला रस भाणात, म्हणजे तांब्याच्या किंवा मातीच्या मडक्यात, लाकडाच्या जाळावर चढतो. वाफ नळीतून जाऊन गार पाण्यात थंड होते. पहिल्या धारेचा तो हुर्राक. सौम्य, फळाळ, उन्हाळ्याच्या दुपारी लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालून प्यायचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा भट्टी लावली की फेणी मिळते, साधारण 42 टक्क्यांच्या आसपासची. भट्टीवाले मात्र टक्के सांगत नाहीत, ग्राव सांगतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं हे माप. काचेची तरंगती मापनळी धारेत सोडतात, पण तिच्याकडे बघण्याआधी जुना माणूस बाटली हलवून वर येणारे बुडबुडे बघतो. बुडबुडे किती बारीक आहेत आणि किती वेळ काचेला धरून राहतात, यावरून तो जोर सांगतो.

एका भट्टीवाल्या आजोबांनी माझ्या तळहातावर गरम धारेतले चार थेंब टाकले, दोन्ही हात चोळायला लावले आणि म्हणाले, ‘पयलीं वास घेयात.’ ही परीक्षा मी तेव्हापासून सोडलेली नाही. चोळल्यावर क्षणभरात दारूचा भपका उडून जातो आणि हातावर उरतं ते निव्वळ फळ. साध्या स्पिरिटमध्ये इसेन्स घालून बनवलेल्या मालात हे फळ उरत नाही. उरतो तो चिकट गोडवा, नाहीतर काहीच नाही.

आता चाखण्याबद्दल. ग्लास लहान आणि तोंडाशी निमुळता हवा. स्पेनमध्ये शेरीसाठी वापरतात तो कातावीनो या कामाला उत्तम. त्यात वीसेक मिली ओता आणि थांबा. पहिल्या मिनिटाला जो तिखट झोत येतो त्यावरून मत बनवू नका. तो बसला की पिकल्या बोंडूमागून अननस येतो, फणसाचा गरा येतो, कैरीच्या सालीचा हिरवेपणा येतो, आणि लाकडावर चाललेल्या भट्टीची फेणी असेल तर अगदी मागे धुराची पुसट रेघ. या सगळ्याचा मोठा भाग एस्टर नावाच्या संयुगांचा असतो. रस आंबताना ती तयार होतात आणि वाफेबरोबर वर चढतात. बोंडू खाल्ला की घसा धरतो, तो टॅनिनमुळे. टॅनिन वाफेबरोबर वर जात नाही, ते भाणातच राहतं. म्हणून फेणीत फळाचा सगळा गंध उतरतो आणि तुरटपणा मागे राहतो. मला वाटतं, बोंडू या फळाचं खरं रूप खाण्यापेक्षा फेणीतच अधिक स्वच्छ दिसतं. मग दोन-तीन थेंब पाणी घाला, गंध अजून मोकळा होतो. घोट एवढासाच घ्या. जिभेवर फिरवा, गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आणि एक आवर्जून करा: रिकामा ग्लास न धुता ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. चांगली फेणी तेव्हाही ओळख देते.

फेणी मुरते का, हा पुढचा प्रश्न. इथे मला शेरीकडे जावंच लागेल, कारण जुनं पेय चाखायचं कसं हे मी शेरीवरून शिकलो. स्पेनच्या दक्षिणेला हेरेसच्या आसपास चुनखडीच्या पांढऱ्या जमिनीत पालोमिनो द्राक्षं होतात. त्यांच्या वाइनमध्ये द्राक्षाचंच स्पिरिट घालून जोर वाढवतात. 15 टक्क्यांच्या आसपास ठेवली तर पिंपात वाइनवर यीस्टचा पांढरा थर चढतो. त्याला फ्लोर म्हणतात. पिंप पूर्ण भरतच नाहीत, सहावा हिस्सा मोकळा ठेवतात, म्हणजे फ्लोरला हवा मिळते. त्या थराखाली वाइन हवेपासून जपली जाते आणि फिकी, कोरडी, बदामासारख्या चवीची फिनो बनते. 17 टक्क्यांवर नेली तर फ्लोर जगत नाही, वाइनला थेट हवा लागते आणि ती अक्रोडी रंगाची ओलोरोसो होते. आधी फ्लोरखाली राहून नंतर हवेत मुरते ती आमोंतियादो. माझ्या दृष्टीने जगातल्या सगळ्या वाइनमध्ये सर्वांत विचारी.

मुरवण्याची तिथली पद्धत सोलेरा. पिंपांच्या रांगा एकावर एक. विकायची वाइन तळाच्या पिंपातून काढायची, पण एका वेळी थोडाच भाग, आणि काढली तेवढी जागा वरच्या, अधिक तरुण पिंपातून भरायची. आपल्याकडे कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लागतं, तसा तिथे जुन्या वाइनचा अंश नव्या वाइनमध्ये राहतोच. सरासरी वीस वर्षं भरली तर बाटलीवर व्हीओएस, तीस भरली तर व्हीओआरएस असं प्रमाणपत्र मिळतं. तिथली ब्रँडीही याच पद्धतीने, शेरी मुरलेल्या पिंपांत वाढते: सोलेरा म्हणवण्यासाठी किमान सरासरी सहा महिने, रेसेर्वासाठी एक वर्ष, ग्रान रेसेर्वासाठी तीन. कार्देनाल मेंदोसासारख्या नावाजलेल्या ब्रँड्या याहून कितीतरी जास्त वर्षं पिंपात काढतात. सुकं अंजीर, मनुका, जुन्या लाकडी कपाटाचा वास हे सगळं पिंपाकडून येतं.

फेणीची परंपरा याच्या नेमकी उलट. ती मुरते काचेत. गर्राफांव म्हणजे वेताच्या विणीत बसवलेली फुगीर काचेची बरणी, तोंडाला बूच. गोव्यातल्या जुन्या घरांत जिन्याखाली, धान्याच्या खोलीत असे गर्राफांव वर्षानुवर्षं पडून असत. मुलाच्या जन्माला भरलेला त्याच्या लग्नात उघडायचा, असंही मला अनेक घरांत सांगितलं. काच फेणीला स्वतःचं काही देत नाही, रंगही नाही. पण बुचातून तीव्र, उडून जाणारी द्रव्यं हळूहळू कमी होतात आणि उरलेली एकमेकांत मिसळत जातात. मी जुनी, काचेतली फेणी चाखली तेव्हा पहिला झोत जवळजवळ नव्हताच. अननस मागे सरला होता, पुढे काळी मिरी आणि सुकवलेलं फळ आलं होतं, आणि जिभेवर तेलकट म्हणावा असा गुळगुळीतपणा होता. पाण्यासारखी पारदर्शक, तरी चवीला वयस्क. हे शेरीत किंवा हेरेसच्या ब्रँडीत मिळणार नाही, कारण तिथे वय कळतं ते रंगावरून आणि लाकडावरून.

म्हणूनच ओकच्या पिंपात फेणी घालण्याची टूम मला रुचत नाही. लाकूड बोंडूवर चढून बसतं आणि आपण बरी-वाईट व्हिस्की पितोय असं वाटू लागतं. व्हिस्कीचीच हौस असेल तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. त्यांनी ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेस या शेऱ्यांच्या पिंपांत मुरवलेल्या सिंगल माल्ट काढल्या आहेत आणि त्या खरोखर चांगल्या आहेत. उष्ण हवेत पिंपातून दरवर्षी उडून जाणारा हिस्सा स्कॉटलंडच्या कितीतरी पट, पण मुरणंही तितकंच झपाट्याने. हेरेसचं पिंप गोव्याच्या दमट हवेत काय करतं हे बघायचं असेल तर ती बाटली घ्या. फेणी मात्र काचेतच राहू द्या. कासावलीला हॅन्सेल वाझ यांच्या काझुलो फेणीने गर्राफांवांचं तळघर राखलं आहे. कांदोळीत नंदन कुडचडकर यांनी 2021 साली उघडलेल्या संग्रहालयात जुने गर्राफांव, मापं, ग्लास, मातीची भांडी एकत्र मांडली आहेत. दोन्ही ठिकाणी वेळ काढून जावं.

गोव्याची हद्द ओलांडून दोडामार्ग-सावंतवाडीकडे आलं की मन खट्टू होतं. झाडं तीच, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती देशभर लागल्या, वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकनही मिळालं, पण बी काढून घेतल्यावर बोंडूचे ढीगच्या ढीग बागेत कुजतात. थोडा बोंडू गोव्याच्या भट्ट्यांकडे जातो, एवढंच. विदर्भात मोहाचं तेच. मध्य प्रदेशाने 2022 साली आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मोह म्हटला की पोलिसांची धाड आठवते. गडचिरोलीतल्या दारूबंदीमागे बायकांनी सोसलेलं दुःख आहे आणि त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण डब्यात युरिया घालून केलेली दारू आणि नीट गाळलेली मोहाची दारू यांत फरक करणारा कायदा झाला, तर त्या बायकांचंही नुकसान होणार नाही असं मला वाटतं.

जाणार असाल तर एप्रिलचा मध्य गाठा. पावसाळ्याच्या तोंडाशी हुर्राक संपतो. फेणी बारमाही मिळते, पण भट्टी चालू बघायची ती तेव्हाच. सत्तरी, डिचोली, केपे, काणकोण या तालुक्यांत आतल्या रस्त्यांवर संध्याकाळी जाळाचा धूर दिसला की गाडी थांबवा आणि विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. बाटली घेताना लेबलवर भौगोलिक मानांकनाची खूण बघा. मालेगावला घेऊन यायची असेल तर महाराष्ट्राचा परवाना लागतो, तो आधी काढा. आणि सोबत खायला चमचमीत काही नको. कैरीच्या फोडी, मीठ, फार तर सुक्या सुंगटांची किसमूर.