बोटभर उंचीसाठी

"काका, आधी गाडीखाली झोपा. मग सांगा, नक्की काय उचलायचंय ते."

मिस्त्रीने जमिनीवर पोतं टाकलं आणि मी, वय वर्षं ५८, माझ्याच जुन्या जिप्सीखाली सरपटत शिरलो.

दुखणं साधं होतं. माझी कलमं राजापूरजवळ सड्यावर आहेत. वर जाणारी वाट जांभ्याची. पावसाने आणि ट्रॅक्टरने तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि मधे उंचवटा राहिलाय. त्यावर गाडी घासायची. तो आवाज दाताच्या डॉक्टरकडे ऐकू येतो त्या जातीचा. हमरस्त्यावर उंच केलेल्या थार बघून मीही ठरवलं, आपणही गाडी लिफ्ट करायची आणि मोठे टायर टाकायचे.

खरं तर गेल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात मी अर्धा उद्योग करून बसलो होतो. जिप्सीला चारही चाकांवर कमानपाटे असतात. पाट्याचं एक टोक ज्या दुव्याने चॅसिसला लटकतं, त्याला शॅकल म्हणतात. ते मी दोन इंचांनी लांब करून घेतले. गाडी उचलली गेली एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागीच राहतं. घासणं मात्र तसंच.

का, ते आता पोत्यावर पडल्या पडल्या दिसलं. मिस्त्रीने टॉर्च मारला. मागच्या अ‍ॅक्सलवर डिफरन्शियलचा शहाळ्यासारखा गोळा, आणि त्याच्या बुडावर जांभ्याचे तांबडे ओरखडे. वर चॅसिसला खरचटलेलंसुद्धा नाही.

"पाटा अ‍ॅक्सल आणि चॅसिसच्या मधे असतो," तो म्हणाला. "तो कितीही चढवा, चॅसिस वर जाईल. गोळा चाकाच्या बरोबरीने राहणार. तो उचलायचा तर चाकच मोठं पाहिजे."

थारची गोष्ट जरा वेगळी. तिची पुढची चाकं स्वतंत्र झुलतात आणि पुढचा गोळा वर अडकवलेला असतो, म्हणून लिफ्ट केल्यावर तोही वर जातो. पण त्यातून चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात आणि त्यांचे जॉइंट लवकर झिजतात. मागे मात्र अ‍ॅक्सल अखंड, म्हणजे तिथे आमच्यासारखंच.

मग मिस्त्रीने खडू घेऊन फरशीवर हिशेब मांडला. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. रुंदी २०५ मिलिमीटर. बाजूची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १४३.५, रिम १५ इंची, म्हणजे ३८१. बाजू वरची आणि खालची अशी दोनदा धरायची. एकूण चाक ६६८ मिलिमीटर. हौशी लोक टाकतात तो २३५/७५ आर १५ याच रीतीने ७३३.५ भरतो. फरक ६५.५. मी खूश झालो, तर त्याने त्या आकड्याचे दोन तुकडे केले. वाढीतली अर्धी अ‍ॅक्सलच्या वर जाते. गोळ्याखाली मिळणार जेमतेम ३३ मिलिमीटर. त्याहून लहान २१५/७५ घेतला तर १८, म्हणजे एक बोट!

मग लिफ्ट कशाला करतात? मोठा टायर मावायला. स्टिअरिंग पूर्ण कापलं किंवा खड्ड्यात चाक वर आलं की तो मडगार्डला घासतो. लिफ्ट ही टायरसाठी केलेली जागा. आणि तेवढ्याने भागत नाही. शॉकअप लांब लागतात, ब्रेकचे होज पाइप ताणले जातात, शाफ्टच्या क्रॉसवर वाकडा भार येतो.

टायरचीही वसुली असते. चाक दहा टक्के मोठं झालं की मीटर ६० दाखवताना गाडी ६६ने पळत असते. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला चढावर खालचा गिअर लवकर मागावा लागतो. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते, ती जड झाली की बिजागऱ्या कुरकुरतात.

लांब शॅकलची किंमत मी अणुस्कुरा घाटात मोजली होती. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होईना. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसाच तिरकेपणा गाडीच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो. त्यामुळे हात सैल सोडला की चाकं सरळ होतात. शॅकलने पुढचा अ‍ॅक्सल फिरला आणि तो तिरकेपणा कमी झाला. शिवाय बोजा वर गेल्याने गाडी वळणावर कलंडायला बघायची. शेजारी बसलेली बायको घाट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. म्हणून टायरला हात लावण्याआधी कंपनीने आपल्या मॉडेलला कोणते आकार दिलेत ते बघा आणि आरटीओत विचारा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

मी शेवटी काय केलं? मूळ शॅकल परत बसवले. पाटे वयाने बसले होते, त्यांना पुन्हा कमान मारून आणली. टायर नवे घेतले, पण त्याच आकाराचे. आणि बागेत कामाला येणाऱ्या तात्यांनी दोन दिवस घमेल्याने चिऱ्याचे तुकडे आणि मुरूम टाकून चाकोऱ्या चार बोटं वर आणल्या.

मिस्त्रीच्या खडूने मोठ्यात मोठ्या टायरचीही दोन बोटं भरली नव्हती. पाऊस झाला की मुरूम वाहून जाणार, दिवाळीनंतर पुन्हा घमेली टाकावी लागणार. त्याला कुणाचं पासिंग लागत नाही.