कल्पित नगरीसाठी कोणता ग्रंथ?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन अद्भुत जग मांडतो. बाकीचे पात्रे होऊन त्यात वावरतात. सूत्रधाराने वाचावे काय? १९७९ च्या मार्गदर्शिकेत गायगॅक्सने यादी दिली, पण ती कथा-कादंबऱ्यांची. त्यांत तलवारी नि राक्षस भरपूर. खेळाडू मात्र भलतेच विचारतात : धान्य कुठून येते? वेशीवर जकात कोण घेतो? सूत्रधार अडखळला, की ती नगरी पडद्यावर रंगविलेली वाटू लागते आणि खेळातला जीवच जातो.

मला विचाराल, तर फ्रान्सिस व जोसेफ गीझ या दांपत्याचे ‘लाइफ इन अ मिडीव्हल सिटी’ (१९६९) आधी घ्यावे. फ्रान्समधील त्र्वा हे एकच शहर, १२५० च्या सुमाराचे! गृहिणी, बाळंतपण, वैद्य, लहानमोठे धंदे, शाळा, नगरकारभार, शांपाञची प्रसिद्ध जत्रा, सारे तेथे भेटते. त्यात एखादा चेटक्या आणून बसवावा. शेजारी खरे असले म्हणजे तोही खरा वाटतो. वंशावळींचे जाड ग्रंथ खुशाल कपाटात राहोत. नवे पुस्तक विकत घेण्यापूर्वी मी मागची सूची उघडून मीठ, चामडे, जकात हे शब्द शोधतो.