परागकोशातील जनुके आणि आपली भाकरी

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले की कारखाने आणि गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु तिच्या जवळच्याच अधारताल भागात १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालय आहे, आणि शहर मागे टाकताच नर्मदाखोऱ्यातील गहू, हरभरा व तुरीची शेते सुरू होतात. याच मध्यप्रदेशात २०१० साली ‘आय.सी.पी.एच. २६७१’ ही तुरीची संकरित जात लागवडीसाठी प्रसृत झाली. तिच्या मातृवाणाच्या फुलांत पराग तयारच होत नाहीत. पराग नसणे हा गुण कसा ठरावा, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर फुलातील मोहरीएवढ्या परागकोशात दडलेले आहे.

दोन भिन्न वाणांच्या संकरातून झालेले पीक पुष्कळदा दोन्ही वाणांपेक्षा जोमदार निघते. कपाशीचे फूल मोठे असते. त्यातील पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावता येतात. १९७० साली सुरतेहून निघालेली ‘एच-४’ ही संकरित कपाशी अशाच हातांच्या कष्टांवर उभी राहिली. ज्वारीचे तसे नाही. तिच्या एका कणसात फुलांची संख्या हजारांत जाते, आणि प्रत्येक फुलात नर व मादी दोन्ही अवयव एकत्र नांदतात. एकरभर ज्वारीचे पुंकेसर कोण खुडत बसणार? तेव्हा ज्याचे पराग निसर्गतःच निकामी आहेत, असा मातृवाण हवा. असे झाड १९५४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्टीफन्स व हॉलंड या संशोधकांनी सिद्ध केले. त्यांनी ‘मायलो’ ज्वारीच्या पेशीद्रव्यात ‘काफिर’ ज्वारीचे केंद्रक आणले, आणि त्या झाडांचे पराग वांझ निघाले.

हे का घडले, ते समजण्यासाठी कोवळ्या परागकोशात डोकावले पाहिजे. आत परागांच्या मातृपेशी असतात. प्रत्येकीच्या विभाजनातून चार परागकण होतात. त्यांच्या भोवती पोषकस्तर नावाचे पेशींचे एक अस्तर असते. ते परागांना अन्न पुरवते, आणि काम संपताच स्वतः विरघळून जाते. सारी खुबी या वेळेत आहे. अस्तर आधीच ढासळले तर पराग उपाशी मरतात. वेळ टळून गेल्यावरही ते तसेच राहिले, तरी परागांची वाढ बिघडते. हे वेळापत्रक जनुके सांभाळतात. एरवी झोपलेली कित्येक जनुके परागकोशात जागी होतात. कमाले व गोल्डबर्ग यांनी १९८० साली तंबाखूच्या झाडावर मोजमाप केले, तेव्हा परागकोशात सुमारे २५,००० जनुकांचे संदेश आढळले, आणि त्यांपैकी सुमारे १०,००० इतर अवयवांत दिसत नव्हते. देठ, पान, मूळ यांच्या मानाने या चिमुकल्या अवयवाचा संसार किती मोठा, हे यावरून ध्यानात यावे.

आता वांझपणाकडे वळू. पेशीतील शक्तीचे उत्पादन तंतुकणिका करतात, आणि त्यांना स्वतःची थोडी जनुके असतात. ही जनुके ज्वारीत केवळ आईकडून येतात. बापाचा त्यात वाटा नाही. या कणिकांत कधी एखादे विकृत जनुक निर्माण होते. पानाला किंवा मुळाला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. परागकोशात मात्र ते घात करते. पराग घडताना या भागात शक्तीची मागणी अतिशय वाढते, तंतुकणिकांची संख्याही कितीतरी पटींनी चढते, म्हणून दोष नेमका तेथेच उघडा पडतो, असा एक तर्क आहे. यावर उतारा केंद्रकातील दुसऱ्या जनुकांपाशी असतो. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने तंतुकणिकेत शिरून विकृत जनुकाचा संदेश निष्प्रभ करतात. अशा जनुकांना पुनःस्थापक म्हणतात. ज्वारीतील असे एक जनुक २००५ साली ओळखले गेले. पितृवाणात पुनःस्थापक असला की संकरित पिकाचे पराग पुन्हा सशक्त होतात आणि कणीस दाण्यांनी भरते.

याच रीतीने १९६४ साली भारतात ‘सी.एस.एच.-१’ ही पहिली संकरित ज्वारी प्रसृत झाली, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. उत्पन्न वाढले हे खरे. पण तिच्या भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाही, ही गृहिणींची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही. शिवाय संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून दरसाल नवे बियाणे विकत घ्यावे लागते. लहान शेतकऱ्याला हा बोजा जाणवतोच.

एकाच पेशीद्रव्यावर विसंबण्यात धोकाही आहे. अमेरिकेत मक्याचे बहुतेक संकरित बियाणे ‘टेक्सास’ नावाच्या एकाच नरवंध्य पेशीद्रव्यावर तयार होत असे. ज्या विकृत जनुकाने पराग मारले, त्यानेच झाडाला करपा रोगाच्या एका बुरशीच्या विषाला बळी पडणारे केले होते. १९७० साली ही साथ पसरली आणि त्या देशातील मक्याचा सुमारे १५ टक्के भाग नष्ट झाला.

पुढे संशोधकांनी दोष शोधण्याऐवजी तो मुद्दाम घडवला. तंबाखूच्या पोषकस्तरातच जागे होणारे एक जनुक सापडले होते. १९९० साली त्याची ‘कळ’ एका जिवाणूच्या विध्वंसक जनुकास जोडण्यात आली, आणि नेमके तेवढेच अस्तर नष्ट झाले. दिल्ली विश्वविद्यालयात तयार झालेली ‘डी.एम.एच.-११’ ही मोहरी याच तत्त्वावर आहे. २०२२ साली तिला सरकारी संमती मिळाली; २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत तिच्याबाबत मतभेद झाला.

आपल्या सोलापूर-नगरकडच्या रब्बी ज्वारीचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. तेथे मोहोळ येथे निवडलेली ‘एम.३५-१’ मालदांडी आजही शेतकऱ्यांच्या घरची आहे. रब्बीसाठीही संकरित जाती निघाल्या, पण मालदांडीला त्या हटवू शकल्या नाहीत. भाकरीची चव आणि पांढरा टपोरा दाणा ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला थंडीही आहे. फुलोऱ्याच्या सुमारास रात्री गारठल्या की पुनःस्थापक जनुकांचे काम ढिले पडते, पराग अपुरे होतात आणि कणसात दाण्यांच्या जागा रिकाम्या राहतात. खरिपात उत्तम ठरलेला संकर रब्बीत असा दगा देतो. गंमत अशी की नरवंध्य पेशीद्रव्याचा एक प्रकार मालदांडीच्याच नावाने शास्त्रात ओळखला जातो. परंतु त्यावर उतारा देणारे वाण दुर्मिळ असल्याने त्याचा उपयोग थोडाच झाला.

म्हणून थंडीतही न डगमगणाऱ्या पुनःस्थापकांचा शोध महत्त्वाचा आहे. त्याची कसोटी मात्र साधी आहे. फुलोरा येण्याआधी कणसावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे बाहेरचा पराग आत येत नाही. सुगीच्या वेळी ती उतरवायची आणि कणसात किती दाणे भरले ते मोजायचे.