सपाट पत्र्याला बाक येतो कसा?

कागदाचा एक कोरा ताव, एक सरळ उभा डबा आणि एक रबरी चेंडू घ्या. कागद प्रथम डब्याभोवती गुंडाळा. तो सहज गुंडाळला जातो. आता तोच कागद सुरकुती न पडू देता चेंडूवर बसवून पाहा. कितीही खटपट केलीत तरी कडेला चुण्या पडतातच. चुण्या मोडण्यासाठी कागद ताणलात तर तो फाटतो.

असे का व्हावे? डब्याला एकाच दिशेने बाक आहे. उभ्या दिशेने तो सरळ आहे. चेंडूला मात्र दोन्ही दिशांनी बाक आहे. कार्ल फ्रीड्रिख गौस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली एक सुंदर सिद्धांत मांडला. त्यातून असे निघते, की सपाट पृष्ठ कोठेही न ताणता आणि न आकसवता त्याचा गोलाकार भाग करताच येत नाही. पृथ्वीचा सपाट नकाशा काढताना कोठे ना कोठे खोट राहते, तीही याच कारणाने.

कागद ताणता येत नाही. पण धातू ताणता येतो, आणि आकसवताही येतो. धातूच्या या गुणावर एक मोठी कारागिरी उभी आहे. आज तिचीच ओळख करून घेऊ.

साच्याशिवाय मडगार्ड

मोटारीचे मडगार्ड पाहा. ते दुहेरी बाकाचे असते. मोठ्या कारखान्यात पोलादाच्या दोन प्रचंड साच्यांमध्ये पत्रा ठेवतात आणि दाबयंत्राने दाबतात, की झाले मडगार्ड तयार! पण साच्यांचा खर्च अवाढव्य असतो. हजारो गाड्या काढायच्या असतील तरच तो परवडतो.

थोड्या गाड्या काढणाऱ्यांना हा मार्ग बंद होता. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात जग्वार कंपनीने ‘एक्सके १२०’ ही शर्यतीच्या धाटणीची गाडी मांडली. ताशी १२० मैल या तिच्या वेगावरून हे नाव पडले. पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲश नावाच्या झाडाच्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने घडवून बसवलेली होती. मागणी फार वाढली, तेव्हा १९५० पासून साच्यातला पोलादी पत्रा वापरात आला. इटलीत मोडेना येथे सर्जिओ स्कॅलिएत्ती हा कारागीर फेरारीच्या गाड्यांच्या बॉड्या वाळूच्या पिशव्यांवर पत्रा ठोकून, बव्हंशी नजरेच्या अंदाजाने घडवीत असे. फेरारीच्या प्रसिद्ध ‘२५० जीटीओ’च्या १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या ३६ गाड्या निघाल्या.

आता अशा एखाद्या गाडीचे मडगार्ड अपघातात चेपले, तर नवे कोठून आणायचे? दुकानात ते मिळणार नाही; साच्यातून काढावे तर साचा कधी नव्हताच. म्हणजे ते पुन्हा हातानेच घडवले पाहिजे. जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक हे काम घरच्या गॅरेजमध्येही करतात. हत्यारे किती? पत्रा कापायची कात्री, लाकडी हातोडा, वाळूने भरलेली चामड्याची पिशवी, वरून खोलगट केलेला झाडाचा बुंधा, एक गुळगुळीत लोखंडी ठोकळा आणि गॅसची बत्ती. बाकीचे काम समजुतीचे आणि सवयीचे!

आकार चुकू नये म्हणून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या धड मडगार्डावर जागोजागी पुठ्ठा धरून त्याचा बाक उतरवून घेतात. पुठ्ठे उलटे केले की चेपलेल्या बाजूचे माप मिळाले. त्यांवरून फळ्या कापून लाकडी फर्मा तयार करतात. त्यावर पत्रा ठोकायचा नसतो; तो वारंवार लावून फक्त ताडून पाहायचा असतो.

थोडा हिशेब

समजा, पत्र्याच्या ४० सेंटिमीटर व्यासाच्या चकतीला मध्ये १० सेंटिमीटर उंचीचा फुगवटा आणायचा आहे. सपाट चकतीचे क्षेत्रफळ पाय × २० × २०, म्हणजे सुमारे १२५७ चौरस सेंटिमीटर. गोलाच्या तुकड्याचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र आहे: पाय × (तळाच्या त्रिज्येचा वर्ग + उंचीचा वर्ग). ते भरते पाय × (४०० + १००), म्हणजे सुमारे १५७१. क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी वाढले!

हे जास्तीचे क्षेत्रफळ आले कोठून? ठोकल्याने धातूचे घनफळ बदलत नाही. तेव्हा ते जाडीतून आले. पत्रा १.६ मिलिमीटर जाड असेल, तर तो सरासरी १.२८ मिलिमीटर होईल. फुगवटा अर्ध्या गोलाइतका केला तर क्षेत्रफळ दुप्पट आणि जाडी निम्मी. पत्रा सगळीकडे सारखा ताणला जात नाही, त्यामुळे काही ठिकाणी तो याहूनही पातळ होतो आणि अखेर तडकतो.

दुसरा मार्ग आहे. सुरुवातीलाच २२.४ सेंटिमीटर त्रिज्येची मोठी चकती घ्यायची. तिचे क्षेत्रफळ १५७१ च्या जवळपास असते. मग मध्य ताणायची गरज नाही. पण १४१ सेंटिमीटरचा घेर १२६ सेंटिमीटरमध्ये बसवावा लागतो. जवळजवळ १५ सेंटिमीटर कडा आकसवायची! त्यासाठी कडेला मुद्दाम चुण्या घालतात आणि प्रत्येक चुणी बुंध्यावर हलक्या हाताने ठोकून आत जिरवतात. चुणी जिरली की तेथे पत्रा किंचित जाड होतो.

उकडीचे मोदक करताना तुम्ही पाहिले असेल. पारीचा मध्य अंगठ्याने दाबून पातळ करतात, आणि तोंड जुळवण्यासाठी कडेला चुण्या काढतात. मधे ताण, कडेला आकस. निष्णात कारागीरही हे दोन्ही मार्ग मिळूनच वापरतो, म्हणजे कोठेच फार पातळ व्हायला नको.

वाळूची पिशवी कशाला?

पत्रा ऐरणीवर ठेवून लोखंडी हातोड्याने ठोकला, तर दोन कठीण पृष्ठांमध्ये तो चिरडला जाईल आणि त्यावर वण पडतील. वाळू मात्र घावाखाली सरकते आणि पत्र्याला खाली जायला जागा देते. शिवाय वाळूचे कण एकमेकांवर घासून घावाची उरलेली ऊर्जा शोषून घेतात; हातोडा उसळत नाही. हातोड्याचे लाकडी तोंड रुंद आणि गोलसर असते, म्हणून घावाचे बल अधिक क्षेत्रावर वाटले जाते आणि दाब कमी पडतो.

पत्रा रुसतो तेव्हा

काही वेळ ठोकल्यावर पत्रा ऐकेनासा होतो. घाव तोच, पण बाक पुढे सरकत नाही. हे समजण्यासाठी विजेच्या तारेतली जाड तांब्याची तार घ्या. एकाच जागी चारपाच वेळा वाकवा आणि सरळ करा. दर खेपेला ती अधिक ताठ होते. तसेच चालू ठेवले तर तुटते.

धातूतील अणू स्फटिकात ओळीने मांडलेले असतात, पण ही मांडणी निर्दोष नसते. मधूनच एखादी ओळ अर्धवट संपते. अशा दोषाला स्थानभ्रंश म्हणतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले, की हे स्थानभ्रंश सरकतात म्हणूनच धातू आकार बदलतो. ठोकत गेल्यावर त्यांची संख्या वाढते, ते एकमेकांत अडकतात आणि त्यांना सरकता येत नाही. जत्रेत गर्दी वाढली की कोणालाच हलता येत नाही, तसे!

उपाय म्हणजे धातू तापवणे. उष्णतेने नवे, जवळजवळ निर्दोष स्फटिक वाढतात आणि धातू पुन्हा नरम होतो. याला अनुशीतन म्हणतात. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे घडवताना ते मधून मधून भट्टीत तापवतात, ते याचसाठी. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. त्याच्या बरेच आधी ते लाल दिसू लागते, आणि कारागिराला रंगावरून अंदाज येतो.

ॲल्युमिनियम मात्र फसवे आहे. त्याचे अनुशीतन ३५० ते ४०० अंशांच्या आसपास होते, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. तापलेल्या वस्तू सुमारे ५२५ अंशांपासून अंधुक लाल दिसू लागतात. त्यातून जे पृष्ठ प्रकाश चांगला परावर्तित करते, ते प्रारण कमी सोडते. म्हणून दिवसाउजेडी चकचकीत ॲल्युमिनियम लाल झालेले दिसतच नाही. एकाएकी पत्र्याला भोक पडते! अनेक दिवसांचे काम एका क्षणात वाया जाते.

यावर कारागिरांची युक्ती पाहा. पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायची आणि मागच्या बाजूने बत्ती फिरवायची. योग्य तापमानाच्या सुमारास साबण करपून काळपट तपकिरी होतो. तेथे थांबायचे. दोन पैशांचा साबण तापमापकाचे काम करतो!

प्रकाशाची साक्ष

आकार आल्यावर पत्र्यावर लहानलहान उंचवटे राहतात. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलके, दाट घाव घालत ते बसवतात. आपले तांबट यालाच मठारणे म्हणतात. उंचवटे शोधायचे कसे? पत्र्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहायचे. पृष्ठ एका अंशाने कलले तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. म्हणून बोटाला न कळणारी खोटही प्रतिबिंबाच्या रेषेत वाकडेपणा होऊन उमटते.

आता शेवटचा प्रश्न. एवढ्या कष्टाने पत्रा पातळ केला, तर मडगार्ड कमकुवत नाही का होणार? उलट होते! सपाट पत्रा हातात धरला तर लपलपतो; दुहेरी बाकाचा तेवढाच पत्रा ताठ राहतो. बाक सपाट करायचा, तर पत्रा पुन्हा ताणावा किंवा आकसवावा लागेल, आणि गौसच्या सिद्धांताप्रमाणे त्यातून सुटका नाही. ज्या नियमामुळे कारागिराला इतका घाम गाळावा लागला, तोच नियम आता मडगार्डाची राखण करतो. अंड्याचे पातळ कवच कोंबडीच्या वजनाखाली टिकते, त्यातही याच नियमाचा मोठा वाटा आहे.

तुमच्यासाठी एक गृहपाठ: घरातला स्टीलचा चमचा आणि तेवढ्याच जाडीची पत्र्याची सपाट पट्टी घ्या. चमच्याची वाटी सपाट करणे आणि पट्टी वाकवणे, यांत अवघड काय? जे आढळेल त्याचे कारण शिक्षकांना समजावून सांगा. तांब्याची तार तापवून नरम होते का, हे पाहायचे असेल तर ते मात्र प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखतच करा.