खेळाडूच्या मनाची चाळणी

मी शाळेंत शिकवीत असतांना दरवर्षीं डॉक्टर मुलांचे डोळे तपासावयास येत. एके वर्षीं माझ्या वर्गांतील एका मुलानें रांगेंत उभें राहून पुढच्या मुलांचीं उत्तरें ऐकलीं, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तोंडपाठ केला आणि तो उत्तम दृष्टीचा ठरला. चष्मा लागला तर क्रिकेटच्या संघांतून काढतील, ही त्याची भीति. सहामाहींत फळ्यावरचे आंकडे तो चुकीचे उतरवूं लागला, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. महाविद्यालयीन खेळाडूंच्या मनाची तपासणी करावी असें आतां सर्वत्र बोललें जातें. तें ऐकतांना मला हा मुलगा आठवतो.

आमच्या खारघरांत पहाटे सेंट्रल पार्कच्या बाजूस धांवणारीं मुलेंमुली दिसतात. त्यांतलीं कित्येक मुंबई विद्यापीठाशीं संलग्न अशा महाविद्यालयांतलीं. सकाळीं सराव, दुपारीं तास, संध्याकाळीं पुन्हा सराव, आणि नेमकी स्पर्धेच्याच आठवड्यांत सत्रपरीक्षा! शिवाय आपल्या राज्यांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव असल्यामुळें पदकावर घरच्यांची आशा टांगलेली असते ती निराळीच.

ही आशा केवढी जड असूं शकते पाहा. कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेल्या खाशाबा जाधवांना १९५२ सालीं हेलसिंकीस जातां यावें म्हणून प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें, म्हणून ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. पदक न येतें तर त्या तरुणानें कोल्हापुरच्या स्टेशनावर कोणत्या तोंडानें उतरावें, हें आपण कधीं मनांत आणीत नाहीं. बरें, पदक आलें म्हणजे मन शांत होतेंच असेंहि नाहीं. २००८ सालीं बीजिंग येथें नेमबाजींत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनीं त्यानंतर आलेल्या पोकळीविषयीं आणि नैराश्याविषयीं स्वतःच मोकळेपणानें सांगितलें आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं २०२० सालीं सोळा वर्षें व त्यावरील खेळाडूंसाठीं एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठाचे खेळाडूहि तींत धरलेले आहेत. प्रथम दहाच प्रश्न: सोबत्यांत मिसळणें जड जातें काय, दुखापतीची काळजी पाठ सोडीत नाहीं काय, निवडीचा ताण सोसवेना झाला काय, खेळ संपल्यावर पुढें काय ही चिंता वाटते काय, अशा प्रकारचे. प्रत्येकास एक ते पांच गुण. बेरीज सतरा किंवा अधिक झाली कीं दुसरी पायरी. तेथें चिंता, नैराश्य, झोप, दारू, इतर अंमली पदार्थ आणि खाण्याच्या संवयी यांच्या सहा स्वतंत्र प्रश्नावली आहेत. नैराश्याच्या प्रश्नावलींत मागील दोन आठवड्यांविषयीं नऊ प्रश्न असून कमाल गुण सत्तावीस. पैकीं नववा प्रश्न स्वतःच्या जिवास अपाय करण्याच्या विचारांचा. तेथें "नाहीं" खेरीज कोणतेंहि उत्तर आलें तर बेरजेकडे न पाहतां त्या मुलाशीं ताबडतोब बोलावयाचें असतें.

गृहिणी गहूं चाळते तेव्हां चाळणींत राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. तो हातानें निवडून पाहावा लागतो. हें निवडण्याचें काम तिसऱ्या पायरीवर तज्ज्ञ डॉक्टर समोरासमोर बोलून करतो. सतरा गुण म्हणजे आजार नव्हे, हें पालकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. मुलगा वेडा ठरला म्हणून रडारड करणारीं घरें असतात, म्हणून सांगतों.

आतां खरी अडचण. हा कागद वाचणार कोण? संघ निवडणाऱ्याच्या टेबलावर तो जाणार असेल तर खेळाडू माझ्या त्या विद्यार्थ्याप्रमाणेंच तक्ता पाठ करून येईल, आणि ज्याला मदत हवी तोच सर्वांत निरोगी दिसेल. मानसिक उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें दिलेला आहे. माझें मत असें कीं, प्रशिक्षकानें कागदास हातहि लावूं नये, आणि निवडीच्या आदल्या दिवशीं तो भरून घेऊं नये. सराव सुरू होऊन कांहीं आठवडे झाल्यावर घ्यावा, आणि मोठी दुखापत झाली तर पुन्हा घ्यावा. ज्या महाविद्यालयांत उत्तरें वाचून त्याच आठवड्यांत मुलांशीं बोलावयास कोणी नाहीं, तेथें प्रश्न विचारूंच नयेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक पात्र समुपदेशक असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें सांगितलेंच आहे. तो नेमला आहे कीं नाहीं, याची चौकशी प्रवेशाच्या वेळीं पालकांनीं अवश्य करावी.

माझ्या त्या विद्यार्थ्यास अखेर चष्मा लागला. क्रीडाशिक्षकांनीं त्याला संघांतून काढलें नाहीं. चष्म्यास मागून नाडी बांधून तो मैदानावर उभा राही. पुढच्या वर्षीं आणखी दोघे आपण होऊन डॉक्टरांकडे गेले.

तोंवर घरीं कोणास गरज भासली तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा अहोरात्र विनामूल्य मिळते, आणि मराठींतून बोलतां येतें.