लॅपटॉपचे वायफाय कार्ड: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात 100 एमबीपीएसचे कनेक्शन आहे, मोबाइलवर वेग पूर्ण मिळतो, पण लॅपटॉपवर तो 35-40 च्या पुढे सरकत नाही. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या कमी किमतीच्या लॅपटॉपबाबत ही तक्रार नेहमीची आहे. मग कुणी नवा लॅपटॉप घेतो, कुणी राउटर बदलतो, कुणी दिसेल ते महागडे वायफाय कार्ड मागवतो. दोष नेमका कुठे आहे हे न पाहताच पैसे खर्च होतात आणि चांगला चालणारा लॅपटॉप अडगळीत जातो. हे टाळता येते. त्यासाठी आधी काही समजुती दूर करायला हव्यात.

गैरसमज 1: नेट स्लो चालते, म्हणजे लॅपटॉपच जुना झाला.

वस्तुस्थिती: अनेकदा लॅपटॉप ठीक असतो, आतले कार्ड अपुरे असते. स्वस्त मॉडेलांमध्ये एका अँटेनाचे, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे वायफाय 4 कार्ड सर्रास बसवले जात होते. नेहमीच्या 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा लिंक स्पीड जास्तीत जास्त 72 एमबीपीएस असतो आणि प्रत्यक्षात हाती येतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. सोसायटीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांतच दाटी करतात.

आपल्या लॅपटॉपची स्थिती विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजखाली दिसते. तिथे बँड 2.4 असेल आणि राउटर ड्युअल बँड असेल, तर आधी 5 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडून पाहा. ते नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल, तर कार्ड बदलण्याचा खरा उपयोग आहे. दोन अँटेनांच्या वायफाय 5 कार्डचा लिंक स्पीड 867 एमबीपीएसपर्यंत जातो. 100 एमबीपीएसच्या प्लॅनला तो पुरून उरतो.

गैरसमज 2: कार्ड स्लॉटमध्ये बसले, म्हणजे चालणार.

वस्तुस्थिती: सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असे. नंतर एम.2 आला. त्यात वायफाय कार्डचा नेहमीचा आकार 2230, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 30 मिलिमीटर लांब. पण दिसायला सारखी असणारी एम.2 कार्डे दोन जातींची असतात. इंटेलचे एएक्स200 आणि एएक्स210 पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. एएमडी प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपलाही ती चालतात. एएक्स201 आणि एएक्स211 मात्र सीएनव्हीआय जातीची. त्यांच्यावर मुख्यतः रेडिओचा भाग असतो, बाकीचे काम इंटेलच्या प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये होते. म्हणून एएमडीच्या लॅपटॉपमध्ये एएक्स201 नीट बसते, पण विंडोजला ते दिसतच नाही. इंटेलच्या जुन्या पिढ्यांवरही तीच गत. नावात एका आकड्याचा फरक, पण पैसे पाण्यात.

अँटेनाच्या वायरींचेही तसेच. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाचे कनेक्टर मोठे, एम.2 चे लहान. ते एकमेकांत बसत नाहीत. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये तर वायर एकच असते. तिथे दोन अँटेनांचे कार्ड लावले तरी ते अर्ध्या ताकदीनेच चालते. शिवाय काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपचे बायोस ठरावीक कार्डेच स्वीकारते. दुसरे लावल्यास सुरू होतानाच चूक दाखवून थांबते.

गैरसमज 3: खोक्यावर 2400 एमबीपीएस लिहिले आहे, तेवढा वेग मिळणार.

वस्तुस्थिती: हा आकडा 160 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचा आहे. घरातले अनेक राउटर 80 वर चालतात. तिथे वायफाय 6 च्या दोन अँटेनांच्या कार्डाचा लिंक स्पीड 1201 एमबीपीएस होतो. प्रत्यक्ष वेग त्याहूनही बराच खाली. त्यात राउटरचा वॅन (इंटरनेटची वायर जोडण्याचा) पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल, तर इंटरनेट त्यापुढे जाणारच नाही. कित्येक स्वस्त ड्युअल बँड राउटरमध्ये असे पोर्ट आढळतात. राउटर, प्लॅन आणि कार्ड यांत जे सर्वांत कमी, तोच तुमचा वेग.

गैरसमज 4: वायफाय 7 घेतले, की पुढची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: नवी पिढी तेव्हाच कामाला येते जेव्हा राउटर आणि विंडोज दोन्ही तिला साथ देतात. तिच्या 6 गिगाहर्ट्झ बँडसाठी तसा राउटर लागतो, विंडोज 11 लागते आणि डब्ल्यूपीए3 सुरक्षा लागते. भारतात 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर 2018 मध्ये परवानामुक्त झाला. 6 गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यासाठी मसुदा नियम मे 2025 मध्ये आले. इंटेलचे वायफाय 7 चे बीई200 कार्ड तर एएमडीच्या अनेक लॅपटॉपवर चालतच नाही. बहुतेक घरांसाठी दोन अँटेनांचे वायफाय 6 कार्ड आजही पुरेसे आहे.

गैरसमज 5: नवे कार्ड लांबच्या खोलीतही नेटवर्क पकडते.

वस्तुस्थिती: रेंज ठरते ती स्क्रीनभोवतीच्या चौकटीत किंवा बॉडीत बसवलेल्या अँटेनांवर, भिंतींवर आणि राउटरच्या जागेवर. कार्ड बदलले तरी अँटेना जुन्याच राहतात. उलट 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये अधिक क्षीण होतात. मागच्या खोलीत सिग्नल येत नसेल, तर राउटर घराच्या मध्याकडे आणणे हा पहिला उपाय.

गैरसमज 6: कार्ड कोणत्याही लॅपटॉपचे बदलता येते.

वस्तुस्थिती: पातळ लॅपटॉपमध्ये ते बऱ्याचदा मदरबोर्डवर सोल्डर केलेले असते. अशा वेळी यूएसबी वायफाय अडॅप्टर हा सोपा मार्ग. आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते: बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथही याच कार्डावर असते. एम.2 स्लॉटमध्ये ते यूएसबीच्या जोडणीवर चालते. म्हणून चुकीचे किंवा ब्लूटूथ नसलेले कार्ड लावले, तर माउस आणि हेडफोनही बंद पडतात.

खरेदीपूर्वी

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली सध्याच्या कार्डाचे नाव पाहा आणि लिहून ठेवा. तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल उघडून स्लॉट कोणता, कार्ड सुटे आहे का आणि कोणती कार्डे चालतात ते तपासा. लिनक्स वापरत असाल, तर आपल्या कर्नलमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे याची खात्री करा. एएक्स210 साठी कर्नल 5.10 किंवा पुढचा लागतो. परत करण्याची सोय असेल अशाच ठिकाणी कार्ड घ्या. बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, बॅटरीची जोडणी काढा आणि अँटेनाच्या वायरी ओढू नका. ते कनेक्टर मोजक्याच वेळा काढ-घाल सोसतात. हात धजत नसेल, तर दुरुस्तीच्या दुकानात काम करून घ्या, पण कार्डाचा नेमका मॉडेल नंबर तुम्हीच सांगा.